पहिल्या तपासणीला वीस मिनिटं द्या

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



गरोदर मातांच्या तपासणीचा वार असला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत एखादी पहिलटकरीण असतेच. सोबत सासू नाहीतर जाऊ, हातात पाण्याची बाटली आणि आधार कार्डाची झेरॉक्स. रक्त तपासणार म्हणजे अनशापोटी जायचं, या समजुतीने तिने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नसतो. तिचं वजन होतं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला जातो, रक्त काढून घेतात, लघवीसाठी बाटली देतात, एक इंजेक्शन टोचतात, गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत पडतात. करायचं ते सगळं होतं. ती बाहेर आली की सासू विचारते, "काय म्हणाले?" तिच्याकडे सांगण्यासारखं एवढंच असतं: "बरं आहे म्हणाले, महिन्याने बोलावलंय."

हे पत्र तिच्या या उत्तराविषयी आहे.

बाळंतिणींचे जीव वाचवण्यात महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवं. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 97 मातांचा मृत्यू होत होता. महाराष्ट्रात हा आकडा 33 होता आणि त्याहून कमी फक्त केरळात, 19 होता. वाडीवस्तीवर पायी फिरणाऱ्या आशाताई, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका आणि रात्री-अपरात्री गाडी काढणारे रुग्णवाहिकेचे चालक यांचा त्यात मोठा वाटा आहे. यंत्रणा उभी आहे आणि औषधंही मिळतात. कमी पडते आहे ती एकच गोष्ट: पहिल्याच भेटीत त्या बाईला तिच्याच शरीराविषयी नीट सांगणारं माणूस आणि त्या माणसाच्या हाताशी असलेला वेळ.

अडचण दवाखान्याच्या पायरीआधीच सुरू होते. शासनाचं सांगणं आहे की पहिल्या 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवावं आणि पहिली तपासणी करून घ्यावी. घरातलं सांगणं वेगळं असतं: तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. गणित केलं तर दिसेल, की घरातलं मौन संपतं त्याच सुमाराला सरकारी मुदतही संपलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे 71 टक्के मातांची पहिल्या तिमाहीत तपासणी झालेली आढळली. उरलेल्या, म्हणजे दर दहांतल्या जवळपास तिघी, त्या काळात तपासणीपर्यंत पोचल्याच नाहीत.

तीन महिने न सांगण्याची ही रीत अडाणीपणातून आलेली नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांतच होतात, हे आजीबाईंना अनुभवाने ठाऊक होतं. सांगून बसल्यावर गर्भ टिकला नाही तर सगळ्या गावाच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागेल, म्हणून सुनेला जपण्यासाठी ती गुप्तता होती. पण बाळाचं शरीर घडतं ते याच आठवड्यांत. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी लागते, आणि तीही दिवस जाण्याच्या आधीपासून. तेव्हा शेजारी, भावकी, ऑफिस यांना तीन महिने खुशाल कळू देऊ नये. आशाताईला आणि डॉक्टरांना मात्र पाळी चुकल्यावर आठवडाभरात सांगावं. एवढा एक निरोप गावागावात पोचला तरी रीतही राखली जाईल आणि मुदतही पाळली जाईल. पाळी चुकल्यावर घरच्या घरी तपासण्याचं 'निश्चय' किट आशाताईकडे फुकट मिळतं, हेही त्याच निरोपात सांगता येईल.

आता ती पहिली भेट खरोखर कशी असायला हवी, ते पाहू.

पहिला प्रश्न असतो शेवटच्या पाळीच्या तारखेचा. पुढच्या सगळ्या तपासण्या आणि बाळंतपणाचा अंदाज या तारखेवर ठरतो. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, की 280 दिवस भरतात. अनेक जणींना तारीख आठवत नाही, पण सण आठवतो. वटपौर्णिमेला पूजेला जाता आलं नाही, हे कुणी विसरत नाही. 2025 मध्ये वटपौर्णिमा 10 जूनला होती. त्या दिवशी पाळी आली असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते 17 मार्च 2026, गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी. अनुभवी आरोग्यसेविका असंच विचारते: पोळ्याच्या आधी की नंतर, घट बसले होते का? घाईच्या रांगेत मात्र "तारीख सांगा, नाहीतर अंदाजे टाकते" असं होतं, आणि त्या अंदाजावर पुढचे नऊ महिने चालतात. तारीख मुळीच लागत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून वय ठरवता येतं. लवकर येण्याचा हा एक मोठा फायदा आहे. जितका उशीर, तितका हा अंदाज सैल होत जातो.

नंतर पूर्वीची माहिती. हे कितवं बाळंतपण, आधी गर्भपात झाला होता का, सिझेरियन झालं होतं का, घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग आहे का, थायरॉइडच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का, तंबाखू किंवा मिश्री लावण्याची सवय आहे का. त्यातले काही प्रश्न सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही. लग्नाआधी पाडलेला गर्भ, घरात होणारी मारहाण, लपवलेलं आजारपण, यांतलं काहीही बाई पडद्यापलीकडच्या दहा जणांच्या कानावर घालणार नाही.

संकोचाची भिंत केवढी जाड आहे, हे याच राज्यात मोजलं गेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. कित्येक जणींना डॉक्टरसमोर आपल्या शरीराविषयी बोलण्याची पहिली संधी गरोदरपणातच मिळते. ती संधी व्हरांड्यातल्या टेबलावर वाया जाऊ देऊ नये.

प्रश्नांनंतर मोजमापं. उंची, वजन, रक्तदाब. पहिल्या भेटीतला रक्तदाब हा पुढच्या सगळ्या आकड्यांचा पाया आहे. वीस आठवड्यांनंतर तो 140/90 च्या वर गेला तर धोक्याची शंका येते. पण मुळात किती होता, हे कागदावर नसेल तर तो आधीपासून वाढलेला होता की गरोदरपणाने वाढला, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. पहिल्या महिन्यांत पोटावरून फारसं काही हाताला लागत नाही. त्यामुळे "डॉक्टरांनी पोट तपासलंच नाही" म्हणून घाबरण्याचं कारण नसतं. आतून तपासणी प्रत्येकीची पहिल्याच दिवशी होते असंही नाही. ती लागली तर का लागते हे सांगून, विचारून आणि आडोसा करूनच व्हायला हवी. या भीतीपोटी तपासणी टाळणाऱ्या मुली आहेत, म्हणून हे आधी सांगायला हवं.

रक्ताच्या एका सुईत किती गोष्टी दडलेल्या असतात! हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय, 7 च्या खाली असेल तर तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रात सुमारे 46 टक्क्यांमध्ये. रक्तगट पाहतात तो केवळ रक्त चढवण्याच्या वेळेसाठी नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ शकतो. अँटी-डी इंजेक्शनने तो टाळता येतो. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ते द्यावं लागतं. एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ 'बी' या तपासण्यांचं नाव ऐकून घरातले दचकतात. त्या कुणाच्या चारित्र्याच्या नाहीत, त्या बाळासाठी आहेत: वेळेत कळलं तर आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग औषधांनी मोठ्या प्रमाणात रोखता येतो. एचआयव्हीची तपासणी संमती घेऊनच करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, असं 2017 चा कायदा सांगतो. ती संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे, समजून दिलेला होकार.

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करायची असते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं, आकडा 140 किंवा त्यावर आला तर गरोदरपणातला मधुमेह. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या तपासणीला उपाशी असण्याची गरज नाही. व्हरांड्यातली ती पहिलटकरीण एसटीने दोन तास उपाशी आली ती कुणी सांगितलं नाही म्हणून. मळमळीच्या दिवसांत रिकाम्या पोटी प्रवास करून वर गोड पाणी प्यायल्यावर तिला उलटी झाली, तर तपासणी पुन्हा आणि खेपही पुन्हा.

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलची तपासणी तितकीच महत्त्वाची आहे. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आई वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य कोरकूत, गोंडीत किंवा पावरीत सांगता येईल अशी व्यक्ती त्या टेबलाशी हवी. मराठीतून सांगून काम झालं असं तिथे धरून चालत नाही.

गोळ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सर्वांत जास्त वाया तिथे जातं. पहिली तिमाही संपली की लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, किमान 180 दिवस; सोबत कॅल्शियम; आणि दुसऱ्या तिमाहीत जंतांची एक गोळी. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, पण हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जणी घाबरून गोळ्या बंद करतात. गोळीने बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन अडतं, असेही समज आहेत. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमसोबत घेतली तरी नीट लागत नाही, लिंबू किंवा आवळा मात्र मदत करतो. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मिळाली नाहीत तर शासनाने खरेदी केलेल्या पट्ट्या फडताळात पडून राहतात आणि पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन तिथंच असतं.

आहाराविषयीही तसंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्माला येताना अधिक भरलेली होती, असं त्यात दिसलं. मेथी, शेपू, चवळीची भाजी, पेरू, ताक हे सगळं गावातच मिळतं. "फळं खा, दूध प्या" असं सरधोपट सांगण्याऐवजी तिच्या चुलीवर काय शिजतं ते विचारून त्यात भर सुचवली, तर ती ऐकेल.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी असते आणि आत फॉर्म भरून घेतात. देशाचा कायदा 1994 चा, पण महाराष्ट्राने त्याच्या सहा वर्षं आधी, 1988 मध्ये, असा कायदा केला होता. याचा राज्याला अभिमान असायला हवा. पण त्या फॉर्मवर सही कशासाठी घेतात, ही सोनोग्राफी गर्भाचं वय, ठोके आणि जागा पाहण्यासाठी आहे आणि बाळाच्या अवयवांची तपासणी पुढे 18 ते 20 आठवड्यांत होईल, हे पहिलटकरणीला क्वचितच सांगितलं जातं.

शेवटी कार्ड. माता व बाल संरक्षण कार्डावर तिचा नोंदणी क्रमांक असतो, पुढच्या भेटींच्या तारखा असतात आणि धोक्याची लक्षणंही छापलेली असतात: रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणं. ती वाचून दाखवायला हवीत, आणि 102 व 108 हे क्रमांक सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे टाकून द्यायला हवेत. हे कार्ड महाराष्ट्रात विशेष मोलाचं आहे, कारण इथे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नाव नोंदवायचं सासरी आणि कळा यायच्या माहेरी. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांचं तर सहा-सहा महिने कुठलंच गाव नसतं. पाळी चुकते घरी, पोट दिसू लागतं सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकातल्या फडात. त्या बाईला पुढच्या दवाखान्यात ओळख देणारा एकमेव कागद म्हणजे हे कार्ड. ते तिच्याकडे असणं आणि त्यावर काय लिहिलं आहे हे तिला कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

योजनांची नावं तिला पाठ नसतात, पैसे मात्र तिचे असतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये मिळतात आणि त्यातला 3000 रुपयांचा पहिला हप्ता नोंदणी व किमान एका तपासणीवर अवलंबून आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. हेही पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, नाहीतर घरचे आठव्या महिन्यात कर्ज काढून बसतात.

हे सगळं पाच मिनिटांत होत नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत पहिल्या भेटीसाठी सुईण, म्हणजे मिडवाइफ, साधारण तासभर देते आणि ही भेट दहा आठवड्यांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. आपल्याकडे तासभर शक्य नाही. पण परक्या देशाकडेच पाहण्याची गरजही नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केलं. समजावून सांगायला डॉक्टरच लागतो असं नाही. शिकवलेली, विश्वासाची आणि सवड असलेली बाई पुरते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि याच्याही आधीची एक आठवण. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. आपल्या बायकांना पुरुष डॉक्टरसमोर बोलता येत नाही म्हणून त्या सातासमुद्रापार शिकायला गेल्या होत्या. त्या डॉक्टर झाल्या त्याला आता सुमारे 140 वर्षं झाली.

म्हणून आपल्याकडे माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या पहिल्या भेटीसाठी किमान वीस मिनिटं राखून ठेवण्याचा लेखी आदेश काढावा, आणि त्यासाठी तपासणीच्या दिवशी समजावून सांगणारी एक प्रशिक्षित व्यक्ती वेगळी नेमावी. दुसरी, प्रत्येक केंद्रात पडद्याचा नव्हे, दाराचा आडोसा असावा, आणि सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून बाईशी पाच मिनिटं एकांतात बोलणं हा तपासणीचाच भाग धरावा. तिसरी, त्या दिवशी काय काय होणार, उपाशी यायचं का, कोणते कागद आणायचे, गोळ्या कशा घ्यायच्या, हे सांगणारं एक पानी चित्रमय पत्रक मराठीत आणि राज्यातल्या आदिवासी बोलींत छापून 'निश्चय' किटसोबतच आशाताईच्या हाती द्यावं. चौथी, ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी त्यांतल्या गरोदर स्त्रियांची नोंदणी, तपासणी आणि कार्ड पूर्ण व्हावं. यासाठी नवी इमारत लागत नाही, महागडं यंत्रही लागत नाही.

आपण येत्या महिन्यात एकदा, आधी न कळवता, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या वारी जावं, अशी विनंती आहे. पहिल्या तपासणीहून बाहेर पडणाऱ्या पहिलटकरणीला तीनच प्रश्न विचारावेत: तुमचं हिमोग्लोबिन किती आलं, बाळंतपणाची तारीख कोणती सांगितली, आणि पिशवीतली गोळी कशाची आहे. तिला तिन्हींची उत्तरं देता आली तर हे पत्र बाजूला ठेवावं. देता आली नाहीत, तर मुंबईला परतल्यावर वीस मिनिटांचा तो आदेश काढावा.

कळावे,

आपली नम्र,
राज्यातील एक नागरिक